आधी लक्षण, मग पार्ट: जुन्या गाडीच्या नेहमीच्या तक्रारी कशा ओळखाल?

‘गाडी पळते चांगली, पण गॅरेजवाला दर वेळी नवं काहीतरी काढतो. ठेवू की विकू?’ थोड्याफार फरकाने हाच प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. कुणाकडे मारुती ८०० आहे, कुणाकडे अल्टो किंवा पहिल्या पिढीतली वॅगन आर, तर कुणाकडे वडिलांनी हौसेने घेतलेली सॅन्ट्रो. ८०० तर २०१४च्या जानेवारीत बनायचीच थांबली, म्हणजे त्यातली शेवटची गाडीही आता चांगली मुरलेली आहे. या गाड्यांची गंमत अशी, की त्यांची यंत्रणा साधी आहे, पार्ट गल्लीबोळांत मिळतात आणि त्या उघडू शकणारा माणूस तालुक्याच्या गावीही भेटतो. तरीही मालकाचा खिसा रिकामा होतो, कारण पैसे बिघाडापेक्षा अंदाजावर जास्त जातात. ‘हा पार्ट बदलून बघू’ असं गॅरेजमध्ये कुणी म्हटलं, की आधी थांबा आणि हा पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं ते विचारा.

खालचं सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. डिझेलची तब्येत वेगळी, तिच्यावर पुन्हा कधीतरी.

गॅरेजमध्ये पार्टचं नाव घेऊ नका

तुम्ही आत शिरतानाच ‘क्लच गेलाय बहुतेक’ म्हणालात, की क्लच बदलला जाण्याची शक्यता वाढते. यात मेकॅनिकची लबाडी असतेच असं नाही. निदान तुम्हीच करून आणल्यावर तो तपासण्यात वेळ कशाला घालवेल? तुम्ही लक्षण सांगा, पार्ट त्याला शोधू द्या. निघण्याआधी एवढं मोबाइलमध्ये टिपून ठेवा:

- तक्रार इंजिन थंड असताना येते की गरम झाल्यावर?
- ठरावीक वेगाला येते का? ठरावीक गिअरला, वळताना, ब्रेक दाबताना, एसी लावल्यावर?
- पाऊस, गाडी धुणं, पेट्रोल भरणं किंवा गाडी बरेच दिवस उभी राहणं यानंतर सुरू झाली का?
- त्याआधीचं शेवटचं काम कोणतं झालं होतं?

शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. नवी तक्रार पुष्कळदा मागच्या कामातून जन्मलेली असते: सुटी राहिलेली व्हॅक्युमची नळी, अर्धवट बसलेला कनेक्टर, अदलाबदल झालेल्या प्लगच्या वायरी. आवाजाची तक्रार असेल तर व्हिडिओ काढून न्या, कारण गॅरेजच्या दारात आवाज गायब होतो हा सर्वांचा अनुभव आहे. आणखी एक गोष्ट करा: तपासणीचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवा. आपल्याकडे ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ अशी वृत्ती आहे. मग बघणारा माणूस ते पैसे पार्टमधून वसूल करतो.

सकाळी गाडी सुरू होत नाही

किल्ली फिरवताना काय ऐकू येतं, यावरच निम्मं निदान होतं.

*नुसतं टक-टक-टक होतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात:* बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली आहे. आधी टर्मिनल बघा. निगेटिव्ह म्हणजे काळी वायर आधी काढा, मग लाल. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने पूड धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. जोडताना उलट क्रम: लाल आधी, काळी शेवटी. कित्येक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यावर उठतात.

त्यानंतर मल्टीमीटर. काहीशे रुपयांत मिळणारं हे यंत्र जुन्या गाडीच्या मालकाकडे असायलाच हवं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आली आहे. किल्ली मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीचा दम संपत आलाय. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे, आणि नवी बॅटरी घेतलीत तरी तीही आठवडाभरात बसेल. बॅटरी विकणारा ही तपासणी आपणहून करेलच असं नाही. तुम्ही करून घ्या.

*एकच ‘टक्’ होतं, दिवे मात्र लख्ख:* बहुधा सेल्फ. त्याचे कार्बन ब्रश किंवा सोलेनॉइड झिजतात. दुरुस्त होत असताना नवा सेल्फ घेऊ नका. ऑटो इलेक्ट्रिशियन तो उघडून ब्रश, बुश बदलून देतो. मात्र त्याआधी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तपासायला सांगा. ती गंजली की सगळी लक्षणं सेल्फ गेल्यासारखीच दिसतात.

*सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही:* पेट्रोल पोहोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. किल्ली ऑन करून थांबा. मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक घूंऽ असा आवाज आला तर पंपाला करंट मिळतोय. नाही आला तर पंपाआधी फ्यूज आणि रिले बघा, ते स्वस्त आहेत. किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा सतत लुकलुकत असेल तर गाडी किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली लावून पाहा. गाडी चार-सहा दिवस एका जागी उभी होती का? मग बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का ते आधी पाहा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे कारण बॅटरीच्या खालोखाल असावं, असं मला वाटतं.

धक्का स्टार्टचा मोह आवरा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना तो चालायचा. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली असेल तर पेट्रोल पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटरच चालू होत नाही, मग कितीही ढकला. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. त्यापेक्षा जंपर केबल ठेवा. लाल टोक दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला, काळं टोक चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब.

घाटात काटा वर गेला

जुन्या गाडीत सर्वांत महाग पडणारी तक्रार हीच. बिघाड छोटा असतो, पण ‘पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ’ म्हणून चालवत राहिलं की इंजिनचं हेड वाकतं. कसारा असो की खंबाटकी, काटा मध्याच्या वर सरकला की लगेच एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा (घाम निघेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडेल) आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा. काटा लालपर्यंत गेला असेल तर इंजिन बंद.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळता फवारा तोंडावर येतो. अर्धा तास थांबा. थंड पाणीही तापलेल्या इंजिनवर ओतू नका.

गार झाल्यावर कारण शोधायचं ते स्वस्तापासून महागाकडे:

१. कूलंट कमी आहे का? कमी असेल तर कुठून गेलं? होजच्या टोकांना, वॉटर पंपाखाली, रेडिएटरच्या कडेला रंगीत डाग दिसतात. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला आणि गोडसर वास असेल तर हीटरची कॉइल गळते.

२. रेडिएटरचं झाकण. त्याची स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. किरकोळ किमतीची वस्तू, पण तिच्याकडे शेवटी लक्ष जातं.

३. पंखा. गाडी उभी ठेवून इंजिन चालू द्या. काटा मध्याच्या जरा वर गेल्यावर पंखा फिरायला हवा. काही गाड्यांत एसीचा पंखा वेगळा असतो. तो फिरतोय म्हणून रेडिएटरचा पंखा ठीक आहे असं समजू नका. फिरत नसेल तर मोटर बदलण्याआधी फ्यूज, रिले आणि तापमानाचा स्विच.

४. गाडी शहरात गरम होत नाही, हायवेला आणि चढावर होते? मग पंख्यापेक्षा रेडिएटर आतून तुंबल्याची शक्यता जास्त. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरलेल्या गाडीत क्षार साचतातच. कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

५. थर्मोस्टॅट. इथे एक जुनी खोड मोडायला हवी. ‘आपल्या हवामानात लागत नाही’ म्हणून कित्येक मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकतात. त्याने मूळ दोष लपतो, इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं आणि झीज वाढते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलायचा असतो. तुमच्या गाडीत तो आहे का, एवढं विचारूनच पाहा.

हेड गॅस्केट गेल्याची चिन्हं वेगळी असतात: ऑइलच्या झाकणाखाली कॉफीसारखा फेस, गळती न दिसताही कूलंट संपणं, गरम इंजिनमधून सतत पांढरा धूर, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे. यातली दोन-तीन एकत्र दिसली तर गाडी चालवू नका, टो करून न्या. हेड उतरवल्यावर ते सपाट आहे का हे मापून घ्या आणि गरजेप्रमाणे फेसिंग करून घ्या. नुसतं गॅस्केट बदलून दिलं तर तीच तक्रार काही महिन्यांत परत येते.

मिसिंग, पिकअप आणि धूर

गाडी झटके देते, उभी असताना थरथरते, एव्हरेज पडलं. या तिन्हींची सुरुवात स्पार्क प्लगपासून करा. प्लग काढून रंग बघायला काही लागत नाही. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट काळा प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. पांढराफटक असेल तर जास्त तापतोय. सगळे प्लग एकसारखे असतील आणि एकच वेगळा निघाला, तर दोष त्याच सिलिंडरचा. शेजारच्याशी प्लग आणि वायर बदलून पाहा. तक्रार सरकली तर कारण सापडलं. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच मिसिंग होत असेल तर प्लग वायरी आणि कॉइल आधी. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू केलं की फुटलेल्या वायरीवरून निळसर ठिणग्या पळताना दिसतात. हात मात्र लांब ठेवा.

त्यानंतर एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीची सफाई. ‘इंजिनचा पिवळा दिवा’ लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, पण कोड म्हणजे निकाल नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला तरी सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत असू शकते, आणि मग सेन्सरचे हजारो रुपये वाया जातात. किल्ली ऑन केल्यावर हा दिवा लागून इंजिन चालू होताच विझायला हवा. तो कधीच लागत नसेल तर कुणीतरी बल्ब काढून ठेवला आहे. जुनी गाडी विकत घेताना हे जरूर बघा.

पेट्रोलबद्दलही बरेच वाचक विचारतात. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. इंजिन त्याने लगेच बसत नाही. एव्हरेज थोडं घटतं, आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या, सील यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून दर सर्व्हिसिंगला नळ्या दाबून, वाकवून तडे तपासा. पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी सोडू नका.

धुराचं गणित सोपं आहे:

- काळा: पेट्रोल जास्त. फिल्टर, सेन्सर, इंजेक्टर. क्वचितच मोठं काम.
- पांढरा: थंडीत सकाळी दोन-चार मिनिटं वाफ येते, ती चालते. गरम झाल्यावरही येत राहिला तर कूलंट जळतंय.
- निळा: ऑइल जळतंय. इथे घाई करू नका.

निळ्या धुराला सरसकट ‘इंजिन उघडावं लागेल’ असं उत्तर मिळतं. रात्रभर उभ्या गाडीला सुरू करताना एकदाच भपकारा येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेत, आणि ते काम पूर्ण इंजिन कामाच्या मानाने कितीतरी लहान आहे. गाडी पळवताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंग्जवर संशय. तरीही कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय होकार देऊ नका. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंग्ज, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही चाचणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे आणि तिच्यावर मोठ्या खर्चाचा निर्णय अवलंबून असतो. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थोडंसं ऑइल कमी होणं जुन्या इंजिनला चालून जातं. पंधरवड्याला सपाट जागी डिपस्टिक बघायची आणि कमी असेल तेवढं भरायचं.

ब्रेकच्या बाबतीत उद्यावर टाकू नका

बाकी तक्रारी आठवडाभर थांबू शकतात, ब्रेक थांबत नाही. पेडल दाबून धरलं असताना हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेला आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पेडल स्पंजासारखं लागतंय तर लाइनमध्ये हवा शिरली आहे. घासल्याचा कर्कश आवाज म्हणजे पॅड संपून धातूवर धातू घासतोय. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर एक कॅलिपर अडकलाय. मात्र ब्रेक न दाबताही ओढत असेल तर टायरची हवा आणि अलाइनमेंट बघा.

पेडल दगडासारखं कडक झालंय? इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पाय किंचित खाली गेला तर बूस्टर ठीक आहे. नाही गेला तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्युमची नळी.

ब्रेक ऑइलची पातळी खाली आली म्हणून वरून भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजल्याने ती थोडी उतरते, नाहीतर ऑइल गळतंय. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसतंय का पाहा. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दोन वर्षांनी पूर्ण बदला. डॉट ३ घ्यायचं की डॉट ४, ते गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी करणार असाल तर हॅण्डब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा.

आवाजावरून अंदाज

- स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कट-कट: ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्यावरचं रबरी बूट फाटल्याचं वेळीच दिसलं तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागतं.
- वेगाबरोबर वाढणारा घूंऽ, वळणावर कमी-जास्त होणारा: चाकाचं बेअरिंग.
- खड्ड्यात खडखड: लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट. शॉकअप सर्वांत शेवटी. गाडीचा कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर शॉकअप ठीक, डोलत राहिला तर संपला.
- क्लच दाबल्यावर आवाज येतो: रिलीज बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज जातो: गिअरबॉक्सचं बेअरिंग.
- तिसऱ्या-चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही: क्लच घसरतोय. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदला, कारण खोलण्याची मजुरी तीच आहे.

न वाजता घात करणारी एक गोष्ट म्हणजे टायमिंग बेल्ट. जुन्या ८००, अल्टो आणि सॅन्ट्रोमध्ये तो रबरी आहे. मारुतीच्या नंतरच्या के-सिरीज इंजिनांत चेन आली. काही इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. शेवटचा कधी बदलला याची नोंद सापडत नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला.

एसीचं थोडक्यात सांगतो. गॅस वापरून संपत नाही. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून’ घ्यावा लागतोय याचा अर्थ गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे फुकट गेलेले पैसे.

पार्ट कोणता घ्यावा?

ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पेट्रोल पंप यांत कंपनीचा किंवा नामांकित उत्पादकाचाच पार्ट घ्या. दाराचं हॅण्डल, आरसा, काच, बंपर, सीट यांना जुन्या बाजारातला माल उत्तम. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड ही नावं गॅरेजवाल्यांना पाठ असतात. जुना अल्टरनेटर किंवा सेल्फ घ्यायचा असेल तर तो समोर चालवून दाखवायला सांगा. जुने ब्रेकचे पार्ट आणि जुने टायर मात्र कधीच घेऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसत असली तरी सहा वर्षांपुढच्या टायरवर घाट चढू नये, हे माझं स्पष्ट मत.

बारीकशी गोष्ट: फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा किंवा तारेचा तुकडा लावू देऊ नका. गाड्या पेटण्याची ती सरळ वाट आहे.

गॅरेजमध्ये तुमचे हक्क

गॅरेजही ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘सेवा’ देतं, मग ते मोठं वर्कशॉप असो वा कोपऱ्यावरची टपरी. म्हणून:

- काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल. त्याबाहेरचं काम निघालं तर फोन करून विचारायचं, असं आधीच सांगा.
- काढलेला जुना पार्ट परत मागा. मागणार आहात हे गाडी देतानाच बोला.
- बिल घ्या. २०१९च्या कायद्यात बिल न देणं हा अनुचित व्यापार प्रथेचा भाग आहे. बिलावर पार्टचं नाव, कंपनी आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या.
- गाडी देताना किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा.

वाद झाला तर आधी लेखी तक्रार द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही सुटला नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मात्र बिलाशिवाय तुमच्या हातात काही उरत नाही. ‘बिल नको, थोडं कमी करा’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पंधरा वर्षं झाली, आता?

पंधरा वर्षांनी खाजगी पेट्रोल गाडी आपोआप भंगारात जाते असा नियम महाराष्ट्रात नाही. तो गोंधळ दिल्ली परिसरातल्या बंदीमुळे झाला. इथे नोंदणीचं नूतनीकरण होतं, दर वेळी पाच वर्षांसाठी. नमुना २५ मधला अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. आरटीओत गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. शुल्क २०२२च्या एप्रिलपासून बरंच वाढलं आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये पुन्हा वाढलं, म्हणून आधी परिवहन खात्याच्या पोर्टलवर आजचा आकडा बघा आणि मगच दुरुस्तीचा हिशेब मांडा. तपासणीला जाण्यापूर्वी हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हॅण्डब्रेक आणि टायर नीट असू द्या. गाड्या नापास होतात त्या बहुतेक अशाच किरकोळ कारणांनी.

नोंदणी संपलेली असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पीयूसी बीएस-३ पर्यंतच्या गाड्यांना सहा महिन्यांची, बीएस-४ पासून वर्षाची. सीएनजी किट असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी आणि किटची नोंद आरसीवर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. ती परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून नेमलेल्या कंपनीकडूनच घ्या, बनावट साइट पुष्कळ आहेत.

ठेवावी की काढावी?

माझ्या मते इंजिन हा निर्णयाचा आधार नव्हे. इंजिन दुरुस्त होतं, बॉडी कुजली की होत नाही. कोकणातल्या आणि समुद्राकाठच्या गाड्यांत हे विशेष बघा. गाडी लिफ्टवर चढवून फरशी, जॅक लावायच्या जागा, पुढचे शॉकअप जिथे बॉडीला बसतात ते भाग आणि दारांखालचे पत्रे स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा. नुसता वरवरचा गंज असेल तर घासून, रंगवून चालतं. टोक आरपार गेलं तर ती गाडी अपघातात तुम्हाला वाचवणार नाही, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी. बॉडी पक्की असेल, पार्ट मिळत असतील आणि येत्या वर्षातलं काम तशाच दुसऱ्या गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या आत बसत असेल, तर गाडी ठेवा.

काढायचं ठरलं तर ती कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. नोंदणी रद्द होईपर्यंत कागदोपत्री मालक तुम्हीच असता, गाडी कुणाच्याही हातात असो.